चेंडू जिथे पडला तिथून

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी गोल्फ खेळलो. हे वाक्य लिहिताना माझे मलाच हसू येते. ज्याने आयुष्यात हुतूतू आणि लंगडीपलीकडे मजल मारली नाही, मुख्याध्यापक झाल्यापासून ज्याचा खेळांशी संबंध क्रीडा महोत्सवाच्या उद्घाटनाला नारळ फोडण्यापुरता उरला, त्याने गोल्फवर लेख लिहावा म्हणजे माळकऱ्याने सुंगटांच्या हुमणाची चिकित्सा करावी, तसला प्रकार. पण मला खेळाविषयी लिहायचे नाही. त्या खेळात माझ्या हातून एक गोष्ट घडली. अधिक नेमके बोलायचे तर ती माझ्या देखत घडली आणि मी ती घडू दिली. गोष्ट अगदी लहान आहे, फूट-दीड फुटाची. पण दीड वर्ष झाले तरी ती मनातून जात नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या पिढीच्या बेळगावकरांना हा खेळ अगदीच अपरिचित नव्हता. लहानपणी कँपातून सायकल हाणताना लष्करी हद्दीतल्या माळावर टोपीवाले साहेब लिंबाएवढा पांढरा चेंडू टोलवताना दिसत. आम्ही तारेला टेकून बघत असू. पाच मिनिटांत एखादा जवान येऊन 'चलो, चलो' म्हणे आणि आम्ही पुन्हा पेडल मारू लागू. त्या वेळी मनात राग नव्हता की हेवाही नव्हता. जगाचे कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे असे दोन तुकडे असतात एवढे आम्ही तिथे शिकलो, आणि ते शिक्षण इतके सहज झाले की काही शिकलो हेही कळले नाही.

२०२४ च्या मे महिन्यात पत्नीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी बंगळूरला जाणे झाले. तिथे माझा एक माजी विद्यार्थी असतो. १९९८ साली आमच्या शाळेतून तो दहावी झाला, पुढे इंजिनिअर झाला आणि आता बऱ्याच मोठ्या हुद्द्यावर आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि दर फोनमध्ये 'सर, एकदा या की' असतेच. या वेळी त्याने आम्हा उभयतांना चार दिवस ठेवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला आपल्या क्लबात नेले. 'नुसतं बघायला चला' म्हणून नेले आणि खेळायला लावले.

क्लब शहराबाहेर आहे, खाजगी आहे. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे क्लब आता सगळ्याच मोठ्या शहरांच्या वेशीवर आहेत. जुने तर फारच जुने. कलकत्त्याचा १८२९ सालचा, बंगळूर शहरातला १८७६ सालचा. साहेब गेला, पण त्याने आखलेली हिरवळ आणि तिच्याभोवतीची भिंत आपण निगुतीने सांभाळली. त्याच्याहून उंच अशा नव्याही बांधल्या. फाटकावर विद्यार्थ्याची गाडी बघताच आडवा दांडा वर गेला. आत कार्यालयात वहीत माझे नाव लिहिले गेले, 'पाहुणा' म्हणून. मी घातलेल्या चपला चालणार नव्हत्या. सदऱ्याला कॉलर होती म्हणून सदरा वाचला. विद्यार्थ्याने आपले जुने बूट माझ्यासाठी गाडीत घालून आणले होते, म्हणजे हे त्याच्या आधीच लक्षात होते, आणि मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून त्याने घरी अवाक्षर काढले नव्हते. मला २०१४ ची मद्रासची हकीकत आठवली. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसले म्हणून तिथल्या एका क्लबाच्या दारात अडवले होते, आणि त्यावरून तमिळनाडू सरकारला कायदा करावा लागला होता. मी तर साधा मास्तर. निमूटपणे बूट चढवले. एक नंबर मोठे होते.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. पाहुण्याला आत पैसे देताच येत नाहीत. चहा घ्या, लिंबूपाणी घ्या, चेंडूंची बादली घ्या, सगळ्यावर सभासदाची सही होते आणि महिन्याच्या शेवटी बिल त्याच्या घरी जाते. माझ्या खिशात पाचशेच्या दोन नोटा होत्या आणि त्यांना तिथे काही किंमत नव्हती. ही सोय मला आधी फार सुखाची वाटली. दुपारपर्यंत तीच बोचू लागली, पण ते पुढे.

आतले सौंदर्य मात्र सौंदर्य होते, ते नाकारणार नाही. त्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये पाण्याची किती ओरड होती हे वाचकांना आठवत असेल. विद्यार्थ्याच्या इमारतीतही टँकर येत होता आणि नळाला पाणी वेळा ठरवून सोडत होते. इथे मात्र पहाटेची ओली हिरवळ नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरली होती. 'सांडपाणी शुद्ध करून वापरतात, सर,' विद्यार्थ्याने न विचारता सांगितले. ज्या अर्थी त्याने न विचारता सांगितले त्या अर्थी त्यालाही आतून काही विचारत असावे. पण पायाखाली ती मऊ जमीन लागली, टिटवी ओरडत उडाली, आणि मला आनंद झाला. निखळ आनंद. भिंतीबाहेर राहून भिंतीला नावे ठेवणे सोपे असते. आत बोलावले की पायांना हिरवळ गोडच लागते.

आता खेळाविषयी थोडे. मैदानावर अठरा भोके असतात, प्रत्येक सव्वाचार इंच व्यासाचे. दूरवरून काठीने चेंडू मारत मारत त्यात घालायचा आणि ज्याला कमीत कमी फटके लागले तो जिंकला. मधली कापलेली हिरवळ म्हणजे फेअरवे, कडेचे वाढलेले गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. इतके कळले की पुरे. मला खिळवून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. या खेळात पंच नसतो. मोठ्या स्पर्धांत अधिकारी असतात खरे, पण नेहमीच्या खेळात किती फटके लागले ते ज्याचे त्याने सांगायचे आणि दुसऱ्याने कार्डावर लिहून घ्यायचे. आणि सगळ्या नियमांच्या तळाशी असलेला नियम असा की चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा. झाडाच्या मुळात अडकला तर तिथून, खळग्यात गेला तर तिथून. हलवायचा नाही. फार तर दंडाचा फटका कबूल करून सोडवून घ्यायचा. या खेळाचे लिखित नियम पहिल्यांदा १७४४ साली स्कॉटलंडमध्ये लीथ या गावी केले गेले, आणि ते अवघे तेरा होते. आमच्या खात्याचे एक परिपत्रकही तेवढ्यात आटपत नाही.

विद्यार्थ्याने चालता चालता बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. १९२५ ची अमेरिकन ओपन स्पर्धा. रफमध्ये फटका मारायच्या तयारीत असताना जोन्सचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी ते पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून एका फटक्याचा दंड लावून घेतला. तो लावला नसता तर स्पर्धा तिथेच त्याच्या नावावर झाली असती. तशी बरोबरी झाली, आणि जादा खेळात तो एका फटक्याने हरला. लोकांनी वाहवा केली ती त्याला आवडली नाही. दरोडा घातला नाही म्हणून माणसाची पाठ थोपटता का, अशा अर्थाचे तो बोलल्याचे सांगतात. गोष्ट ऐकून मी इतका हरखलो की जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच प्रार्थनेला हीच सांगायची असे ठरवून टाकले. मास्तर माणूस, बोधकथा दिसली की खिशात घालतो.

आमच्याबरोबर विद्यार्थ्याच्या कंपनीतले एक गृहस्थ होते. त्यांना खेळ सुरू करून जेमतेम सहा महिने झाले होते. आणि तिघांच्या पिशव्यांसाठी दोन कॅडी होते. कॅडी म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा, चेंडू शोधून देणारा, कोणती काठी घ्यावी हे हळूच सुचवणारा माणूस. माझ्या वाट्याला आला तो पस्तिशीचा, काटक, मानेवर रुमाल टाकलेला. विद्यार्थी त्याच्याशी इंग्रजी-हिंदीत बोलत होता आणि तो 'येस सर' एवढेच म्हणत होता. दुसऱ्या भोकाकडे जाताना मी त्याला सहज विचारले, "निमदु याव ऊर्री?"

त्याने चमकून पाहिले. ते शेवटचे 'री' बंगळूरचे नव्हते, आपल्याकडचे होते. "बैलहोंगल कडे री, सर," तो म्हणाला, आणि त्याचा चेहराच बदलला. बैलहोंगल म्हणजे आमचे दोन पावलांवरचे. मग काय, सौंदत्तीची जत्रा निघाली, मलप्रभेचे पाणी निघाले. दहा वर्षांपूर्वी जवळच्याच इमारतींच्या बांधकामावर मजूर म्हणून आला; काम संपले तेव्हा कुणी तरी इथे लावून दिले. मी शाळेत आहे म्हटल्यावर त्याने विचारले, "नीवु मास्तर एन्री?" आणि पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, जणू तिचे वजन कमी झाले होते.

इथे एक आडवळणाची गोष्ट सांगतो. सीमाभागातल्या मराठी शाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाचे कन्नडशी नाते साधे नसते. ती माझ्यासाठी बव्हंशी परिपत्रकांची, तपासणी अधिकाऱ्यांची आणि फलकांच्या वादाची भाषा राहिली. तिच्यात मी अर्ज केले, खुलासे दिले. आणि त्या इंग्रजी हिरवळीवर, सगळ्यांत परक्या जागी, तीच भाषा मला घरच्यासारखी वाटली. जिच्याशी गावात अंतर राखून वागलो तिच्याच पदराआड परगावी उभा राहिलो. याची मला थोडी लाजही वाटली.

आता ती गोष्ट. पाचवे भोक जवळचे होते, तीन फटक्यांत पुरे करावे असे. विद्यार्थी म्हणाला, "सर, यावर तुमची आणि यांची पैज. हरेल त्याच्या नावावर कॉफी." ते गृहस्थही हसून तयार झाले. त्यांचा पहिला फटका बरा गेला. माझा उंच गेला, पण उजवीकडे वळून रफमधल्या एका झाडाखाली पडला. कॅडी पुढे धावला. विद्यार्थी आणि ते गृहस्थ डावीकडून बोलत चालले होते. मी एकटाच, बूट सांभाळत, झाडाच्या दिशेने निघालो. साठेक पावलांवरून मला सगळे स्पष्ट दिसत होते. चेंडू झाडाच्या मुळाच्या बेचक्यात होता. कॅडी त्याच्याशेजारी उभा राहिला, रुमालाने कपाळ पुसले, आणि देवळाच्या पायरीशी आपण पायानेच चपला बाजूला सारतो ना, तसा त्याने पाय किंचित हलवला. मी पोहोचलो तेव्हा चेंडू दीड फूट अलीकडे, आखूड गवतावर, ताटात ठेवलेल्या लाडवासारखा बसला होता.

मी चेंडूकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्यानेही माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाला, "इर्ली बिड्री, सर."

असू द्या, सोडा. आपल्या भागात हे दोन शब्द दिवसातून किती वेळा कानांवर पडतात! दुकानदार सुट्टे रुपये नसले की म्हणतो, कंडक्टर म्हणतो, भांडणारे दोघे दमले की म्हणतात. त्यात माया असते, कंटाळा असतो, क्षमा असते. मी काठी घेतली आणि चेंडू मारला. तो ग्रीनवर गेला. पुढे दोन हलक्या फटक्यांत भोकात. गृहस्थांना पाच लागले. "सर, तुम्हाला किती?" विद्यार्थ्याने कार्ड काढून विचारले.

"चार," मी म्हणालो.

मोजले तर चारच होते. त्यात खोटे काहीच नव्हते. धर्मराजाचाही शब्द मोजून खराच होता. तरी त्याचा रथ जमिनीला टेकला. विद्यार्थ्याने टाळ्या वाजवल्या आणि 'आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी हरवलं तुम्हाला' म्हणून त्या गृहस्थांची थट्टा केली. ते हसले, पण नवशिक्याने नवशिक्यापुढे हरण्यात जी बारीक खंत असते ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. कॉफीच्या चिठ्ठीवर सही त्यांनी केली. कॉफी मी प्यालो.

त्या रात्री झोप लागली नाही ती गोल्फमुळे नव्हे. मला आठवत होता २००९ सालचा दहावीचा गणिताचा पेपर. मी केंद्राचा प्रमुख होतो. वर्गावर्गांतून फिरत असताना पाणी द्यायला आलेल्या शिपायाने एका मुलाच्या बाकावर चिठ्ठी टाकलेली मी दारातून पाहिली. आत गेलो, उत्तरपत्रिका उचलली, खाली चिठ्ठी होती. उघडली. तीन गणितांची उत्तरे. पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, मी मागितली नव्हती." त्यावर मी जे वाक्य बोललो ते पुढे कित्येक वर्षे शिक्षकांच्या बैठकांत अभिमानाने सांगत आलो. मी म्हणालो होतो, "मागितली नाहीस, पण परतही केली नाहीस." प्रकरण मंडळाकडे गेले आणि त्याचे ते वर्ष वाया गेले. शिपायाला मी लेखी समज दिली.

विशेष म्हणजे गोल्फचा नियम माझ्या त्या निवाड्याच्या बाजूचा आहे. कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला बसतो. नफा ज्याचा, जबाबदारी त्याची. म्हणजे त्या मुलाला मी लावलेला न्याय या खेळात रीतसर मानलेला आहे. मात्र त्याच न्यायाने झाडाखाली उभ्या असलेल्या मास्तरलाही दंड लागायला हवा होता. मुलाचे वय पंधरा होते, आणि चिठ्ठी पडल्यापासून मी पोहोचेपर्यंत त्याला पुरता अर्धा मिनिटही मिळाला नव्हता. मला साठ पावले मिळाली होती.

गप्प का राहिलो? बिछान्यात पडल्या पडल्या मी कारणे गोळा केली, आणि ती चांगली निघाली. मी बोललो असतो तर कॅडीची तक्रार झाली असती. अशा ठिकाणी कॅडीला काही दिवस कामावरून बसवायला एवढे पुरे होते. यजमानाच्या आनंदावर विरजण पडले असते. शिवाय तो खेळ म्हणजे कॉफीची पैज, त्यात कुणाचे घर बुडत नव्हते. तिन्ही कारणे खरी आहेत. पण धारवाडला तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालो त्याचा एक तोटा असा की माणूस स्वतःलाही प्रश्न विचारत सुटतो. ही कारणे माझ्या गप्प राहण्याच्या आधी आली की नंतर? कांटने १७८५ च्या ग्रंथात दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. अजाण गिऱ्हाइकालाही तो रास्त भावच लावतो, कारण त्यात त्याच्या धंद्याचे हित आहे. कृती बरोबर, पण ती कर्तव्यापोटी झाली असे म्हणता येत नाही. माझे त्याच्या उलट झाले. कृती चुकीची आणि कारणे मात्र सगळी उदात्त, फक्त ती रात्री साडेअकराला आलेली. सकाळी झाडाखाली माझ्या मनात एकच विचार होता, आणि तो लिहायला जड जातो: चेंडू आता बरा लागेल.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा येते. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो हवे ते करतो. पाहणारे कुणी नसेल तर माणूस न्यायाने का वागेल, असा तिथला प्रश्न आहे. वर्गात मी तो बऱ्याचदा रंगवून सांगितला आहे. पण माझ्या प्रसंगात पाहणारा होता. तो समोर, दोन हातांवर उभा होता, खांद्यावर पिशवी घेऊन. मला तो साक्षीदार वाटलाच नाही, कारण तो कॅडी होता. माझी अंगठी ही होती. तिथे विद्यार्थी उभा असता तर मी चेंडू मारला असता का? नसता मारला. म्हणजे त्या दोघांतल्या एकाचे पाहणे मी पाहणे धरले आणि दुसऱ्याचे धरले नाही; आणि ज्याचे धरले नाही त्याच्याशी मी तासभर बैलहोंगलच्या गप्पा मारल्या होत्या.

इथून मला त्या भिंतीविषयी विचार करावा लागला. गोल्फ खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवतो, हे सुंदर आहे. पण कुणाच्या शब्दावर? ज्यांनी ते तेरा नियम केले त्यांनी स्वतःला 'सभ्य गृहस्थ' म्हणवले होते, आणि विश्वास होता तो आपसांतला. पुढे मी वाचले, तेव्हा त्या बॉबी जोन्सच्या गोष्टीचा उरलेला भागही कळला. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याने एका सहकाऱ्याबरोबर ऑगस्टा नॅशनल हा क्लब उभारला. तिथे पिशव्या वाहणारे कृष्णवर्णीय असत. सभासदांत पहिला कृष्णवर्णीय माणूस आला १९९० मध्ये, आणि स्त्रिया आल्या २०१२ मध्ये. जोन्स १९७१ मध्येच वारला, त्याच्या माथी सगळे मारणे बरोबर नव्हे. तो वाईट माणूस नव्हता. एक फटका लपवायला तो तयार नव्हता. पण पिशवी कोण वाहतो आणि आत कोण बसतो, हे मोजायला त्याच्या कार्डावर रकानाच नव्हता.

दक्षिण आफ्रिकेतली एक हकीकत याहून जवळची आहे. पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा, कॅडी म्हणून वाढलेला खेळाडू. काठी तो उलट्या हातांनी धरायचा. १९६३ मध्ये दरबानच्या कंट्री क्लबात त्याने नाताळ ओपन जिंकली. क्लबाच्या इमारतीत गोऱ्यांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता, म्हणून त्याला चषक बाहेर दिला गेला, आणि बाहेर पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आत कोरडे बसले होते. त्यांतल्या प्रत्येकाने त्या दिवशी आपले फटके प्रामाणिकपणे मोजले असतील, याविषयी मला शंका नाही.

आपल्याकडे रंगाचा नियम नाही, आणि दिल्लीतल्या कॅडीचा मुलगा, स्वतःही कॅडी असलेला अली शेर, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला याचा आनंदच आहे. पण माझ्या यजमानाच्या क्लबात कॅडी येतात ते मागच्या फाटकाने, हे मी निघताना पाहिले. शाळेतही शिपायाला वेगळा कप असतो. आमच्या शाळेत होता. मी मुख्याध्यापक झाल्यावर तो बंद केला असे मी समजत होतो. जूनमध्ये नीट पाहिले तर कप एकसारखे झाले होते, पण शिपाई आपला कप अजून खिडकीतच ठेवत होता.

राहिला प्रश्न त्या कॅडीच्या उपकाराचा, आणि त्याचे उत्तर मला अजून देता येत नाही. त्याने तसे का केले? बक्षिसासाठी केले असे मला वाटत नाही. गावाकडचा माणूस, त्यातून मास्तर, परक्या लोकांत फजीत होऊ नये, एवढेच त्याच्या मनात असावे. त्या एकरच्या एकर हिरवळीत त्याच्या सत्तेचे काही असेल तर ते दीड फूट गवत. तेवढे त्याने मला दिले. ते नाकारून चेंडू पुन्हा मुळात नेऊन ठेवला असता तर नियम राखला गेला असता आणि त्याचे तोंड एवढेसे झाले असते. न नाकारता मारला, तर मी लबाड. हळू आवाजात, कन्नडमध्ये, त्याच्यापुरते सांगून चेंडू परत ठेवता आला असता, अशी वाट मला नंतर सुचली. ती सभ्यपणाची होती. पण तिच्यासाठी त्याला आधी माणूस म्हणून हिशेबात धरायला हवे होते.

निघताना मी पाचशेची नोट काढली तर विद्यार्थी म्हणाला, "सर, नको. त्याचं मी कार्डावर टाकलंय, इथे रोख देत नाहीत." नोट खिशात परत गेली. कॅडीने हात जोडले. मीही जोडले. मी 'चार' म्हणालो तेव्हा तो जवळच उभा होता, आणि त्याला ते ऐकू आले होते.

विद्यार्थ्याला मी हे सगळे पुढे फोनवर सांगितले. तो आधी हसला, मग थोडा वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "सर, कुणाला सांगू नका, त्याचं काम जाईल." त्याने त्याचाच विचार केला याचे मला बरे वाटले. म्हणून इथे क्लबाचे नाव नाही, आणि भोकाचा क्रमांकही मी बदलून लिहिला आहे.

जोन्सची गोष्ट मी जूनच्या प्रार्थनेला सांगितली नाही.

२००९ चा तो मुलगा पुढच्या वर्षी पास झाला, पण पुढे शिकला नाही. तो आता आमच्याच भागात छोटा हत्ती चालवतो. रस्त्यात दिसलो तर गाडीचा वेग कमी करून नमस्कार करतो. या ऑगस्टमध्ये सुताराकडून दुरुस्त झालेली बाके शाळेत आणायची होती, तेव्हा त्यालाच बोलावले. बाके उतरवून झाली. तो दोरी सोडवत होता आणि मी शेजारी उभा होतो. सोळा वर्षांत जे विचारले नव्हते ते विचारले. म्हणालो, "त्या पेपराला ती चिठ्ठी तू वाचली होतीस का रे?"

त्याने दोरीची गाठ दातांनी सैल केली. "घडी तशीच होती की, सर," तो म्हणाला, "तुम्हीच उघडलात."

मग त्याने भाडे मोजून घेतले, दोरी गुंडाळून सीटखाली टाकली आणि गाडी फाटकाबाहेर काढली.